मागं चालू असलेलं

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला तेव्हा उत्कर्षानं आईचा फोन नुकताच ठेवला होता, आणि त्या घरघरीकडे बघायला तिला त्या दिवशी मुळीच फुरसत नव्हती. दुपारच्या गाडीनं गोंदियाला जायचं होतं, माहेरी, आणि या खेपेला परत यायचं नव्हतं. नवरा, रूपेश, पहिल्या पाळीला प्लांटमध्ये गेलेला. आठ वर्षांची भागू शाळेत. ती व्हॅनमधून उतरली की तशीच, दप्तरासकट, ऑटोत घालायची आणि रूपेश घरी पोचायच्या आत दुर्ग स्टेशन गाठायचं. एवढंच. पण एवढं जर रूपेशच्या कानावर गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिच्या डाव्या हाताच्या करंगळीला विचारावं. ती मागच्या होळीपासून सरळ होत नव्हती. कपाटाच्या दारात ती धरून रूपेशनं दार लोटलं होतं, सावकाश, आधी टीव्हीचा आवाज वाढवून.

म्हणून गेले दोन महिने ती आईशी घरात बोललीच नव्हती. भाजीच्या निमित्तानं बाहेर पडायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलायचं. आज मात्र घर मोकळं होतं. मागच्या मोरीवर गयाबाई भांडी घासत होती, पण ती पक्की छत्तीसगढी, मराठीचं अक्षर तिला कळत नव्हतं. शेजारी एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मल्याळी, समोर छत्तीसगढी साहू. कोहक्याच्या त्या गल्लीत मराठी बोललं की भिंतीलासुद्धा समजत नाही, हा तिचा लग्नापासूनचा भरवसा. ‘आई, आज निघून राहिली मी. दुपारच्या गाडीनं. भागूले घेऊन,’ असं ती चांगलं मोठ्यानं म्हणाली होती, आणि आई पलीकडून म्हणाली होती, ‘ये बाई, ये. अन् या वेळेस त्याचा फोन आला का पाघळू नोको.’ मोठ्यानं बोलल्यावर छाती हलकी झाली होती. किती दिवसांनी तिनं स्वतःचा आवाज घरात ऐकला होता!

पण पंखा काही थांबेना. सकाळपासून नेट गेलेलं; रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली होती, म्हणून कामाला सुट्टी. लॅपटॉप टेबलावर नुसता पडला होता, त्यात काही उघडलेलं नव्हतं, आणि पंखा मात्र जीव खाऊन फिरत होता. आता, काही चालू नसताना पंखा बोंबलतो म्हणजे मागं काहीतरी चालू असतं, हे उत्कर्षाला कोणी सांगायला नको होतं. तिचं पोट त्याच्यावर चालत होतं. रायपूरच्या एका कंपनीसाठी ती घरात बसून लोकांचे लिनक्सचे सर्व्हर सांभाळायची. दिवसभर फोन. ‘मैडम, सर्वर हाँफ रहा है.’ मग ती सांगायची, यादी काढा, कोण किती खातंय बघा, त्याचा नंबर घ्या आणि त्याला थांबवा. ‘पहले प्यार से बोलिए. नहीं माने तो नौ नंबर.’ नौ नंबर म्हणजे विचारपूस नाही, आवरायला वेळ नाही, सरळ गळा. लोकांच्या मशिनीतले असले लपून खाणारे तिनं शेकड्यानं संपवले होते, आणि स्वतःच्या मशिनीत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

‘काय झालं रे मेल्या तुले,’ असं म्हणत तिनं यादी काढली. सगळ्यात वर एक साळसूद नाव होतं, फॉन्टकॅश. अक्षरांचे फॉन्ट सांभाळणारं. फॉन्ट सांभाळायला एवढा दम लागतो होय? तिनं नंबर घेतला, प्यार से थांबायला सांगितलं. पंखा मंद झाला. तिनं बॅगेत भागूचे दोन फ्रॉक कोंबले, तोवर पंखा पुन्हा ओरडायला लागला. नाव तेच, नंबर नवा. पुन्हा थांबवलं. पुन्हा आलं. तिच्या कानशिलात तडतडायला लागलं. गप्प केलेल्यानं पुन्हा तोंड वर काढलं की तिचं डोकंच फिरायचं, हल्ली फार फिरायचं. तिनं टेबलावर थाड्कन हात आपटला आणि तिच्या तोंडून निघालं, ‘एक बार सांगतलं ना तुले?’ हे रूपेशचं वाक्य. त्याचाच हेल, त्याचाच दाबलेला आवाज. ते आपल्या घशातून बाहेर पडलेलं ऐकून ती दचकली आणि उगाच दाराकडे बघून आली.

रूपेशला वाक्यं पाठ असायची. मारण्याआधी तो ओरडायचा नाही. ओरडणारा माणूस परवडला. पाळीहून यायचा, हातपाय धुवायचा, चहा प्यायचा, कप बशीत नीट ठेवायचा आणि तिच्यासारखी मान तिरपी करून तिच्याच आवाजात म्हणायचा, ‘आई, माहा जीव गुदमरून राहिला इथं. बरोबर? असंच म्हटलं ना तू?’ शब्दाला शब्द. सकाळी आईशी बोललेलं संध्याकाळी त्याच्या तोंडात. पहिल्या वेळी ‘तुले कोणं सांगतलं?’ एवढं तिनं विचारलं, आणि ते विचारणं हीच कबुली झाली. मग मुठीला ओला टॉवेल गुंडाळून बरगड्यांवर. टॉवेलनं वळ उठत नाहीत. प्लांटमध्ये मीटर आणि काटे दुरुस्त करणारा माणूस तो. किती दाबलं की काटा कुठवर जातो, याचा त्याला चांगला अंदाज. ती भिंतीला टेकून मनातल्या मनात त्याला विळीवर धरायची आणि कांद्यासारखी उभी-आडवी चिरायची, बोटांपासून सुरुवात करून. हातात खरी विळी असायची तेव्हा मात्र कांदाच चिरायची आणि त्याला गरम पोळी वाढायची. तो म्हणायचा, ‘भाजी मस्त झाली.’ आणि तिला बरं वाटायचं, हे त्याहून वाईट.

सांगतं कोण, हा किडा तेव्हापासून डोक्यात शिरला. गयाबाईला मराठी कळत नाही. गल्लीत कोणाला कळत नाही. घरात मराठी कळणारी माणसं तीनच, त्यातली एक बोलणारी, एक वाक्यं म्हणून दाखवणारा. उरली भागू. भाग्यश्री हे नाव आजेसासू भागाबाईवरून ठेवलेलं. बापाची लाडकी, त्याच्या स्कूटरवर पुढं उभी राहून नेहरूनगरच्या चौकात आइस्क्रीम खायला जाणारी. आइस्क्रीम देऊन विचारत असणार! हिशेब इतका सरळ लागला की त्यात चूक असेल असं उत्कर्षाला वाटलंच नाही. एखाद्या सर्व्हरच्या बाबतीत असा सरळ हिशेब लागला असता तर तिनं दहा ठिकाणी तपासलं असतं, पोटच्या पोरीच्या बाबतीत एका ठिकाणी तपासलं नाही. एका दुपारी, बरगडी ठणकत असताना, तिनं भागूला कोपऱ्यात घेतलं. ‘पप्पाले तू सांगतलं?’ भागू म्हणाली, नाही. हाताला लॅपटॉपच्या चार्जरची वायर लागली. ‘सांग, कावून सांगतलं?’ नाही म्हटलं की एक. भागू नाही नाही म्हणत राहिली आणि मग एकदम म्हणाली, ‘हाव मम्मी, मीच सांगतलं.’ वायर गळून पडली. पुढच्याच आठवड्यात रूपेशच्या तोंडून पुन्हा एक वाक्य आलं, आणि पुन्हा वायर. या खेपेला भागू लवकर हाव म्हणाली. त्यानंतर उत्कर्षा रस्त्यावर जाऊन बोलायला लागली आणि वाक्यं यायची बंद झाली. मार लागू पडला, असं तिला वाटलं. बाई ग, तिला खरंच असं वाटलं, आणि तिला बरी झोपही लागायला लागली.

पंखा ओरडतच होता. आता तिनं नौ नंबर वापरला, एंटर इतक्या जोरानं दाबलं की वाकडी करंगळी कळवळली. क्षणभर शांत. मग नवा नंबर, तेच नाव. म्हणजे मारलं तरी उठतं, तर उठवणारं कोणीतरी आहे. अशा वेळी ती फोनवर हसून सांगायची, ‘बच्चे को मत मारिए भैया, इसका बाप ढूँढिए,’ आणि पलीकडचा माणूसही हसायचा. आता तिनं यादी उलट्या बाजूनं काढली, कोणातून कोण निघालं ते. बाप सापडला. एका लपवलेल्या फोल्डरात चार ओळींची एक साधी स्क्रिप्ट. काम एकच, हा मेला की त्याला पुन्हा उभं करायचं, आणि लॅपटॉप सुरू झाला की आपणही सुरू व्हायचं. मग तिनं फॉन्टकॅशचं वरचं नाव बाजूला सारून आत खरा प्रोग्राम कोणता आहे ते पाहिलं. माइकवरून आवाज टिपणारा होता.

पाहिलं, पण समजायला वेळ लागला. काही गोष्टी डोळ्यांना आधी कळतात आणि पोटाला नंतर. तिनं पडद्याच्या वरच्या काठावरच्या माइकच्या त्या बारीक भोकाकडे पाहिलं, सुई शिरेल न शिरेल एवढं. पहिलं तिनं वायफाय बंद केलं. नेट कोणत्याही क्षणी आलं असतं. हा लॅपटॉप रूपेशनंच दिला होता. तिचा जुना बंद पडला तेव्हा त्यानं आपला आणून दिला, स्वतः बसून लिनक्स टाकलं, स्वतः पुसून दिला आणि म्हणाला, ‘घे, तुह्यासाठी तयार केला. आता इकडंतिकडं काही बदलवू नोको, माही मेहनत आहे त्याच्यात.’ तिनं बदललं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं काहीतरी मनापासून केलं म्हणून तिनं त्या दिवशी शिरा केला होता. शिरा! तिला स्वतःच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. काजू घालून केला होता.

फॉन्टकॅशच्या आतली स्क्रिप्ट तिनं ओळीओळीनं वाचली. बोललेलं टिपायचं, तुकडा नेटवरून पाठवायचा, पाठवलेला तुकडा दुसऱ्या फोल्डरात सरकवायचा. तो फोल्डर पुसायचं रूपेशच्या लक्षात राहिलं नव्हतं. सकाळपासून नेट नव्हतं म्हणून आजचा तुकडा जाईना, आणि जाईना म्हणून दारावर डोकं आपटत राहावं तसं ते पुन्हा पुन्हा पाठवून पाहत होतं. पंखा त्याच्यापायीच ओरडत होता. म्हणजे दुपारच्या गाडीचं त्याला माहीत नव्हतं. केबल तोडणाऱ्या त्या मजुरांच्या पाया पडावं असं तिला वाटलं. ती हसली, चांगलं आवाज करून हसली. मग तिची नजर पाठवलेल्या फायलींकडे गेली आणि तिथून हलेना. प्रत्येकीवर तारीख होती. एक तारीख तिला ओळखू आली. त्या दिवशी भागूच्या शाळेला सुट्टी होती.

ऐकू नये हे तिला कळत होतं. तिनं ऐकलं. आधी कुकरची शिट्टी, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग कोणीतरी बाई बोलायला लागली. ही कोण? एवढ्या थंड आवाजाची बाई घरात कधी आली होती? ‘पप्पाले तू सांगतलं?’ ती बाई विचारत होती, सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारत. मग हवा चिरल्याचा आवाज, आणि भागू. भागूच्या रडण्याला सुरुवातीला शब्द होते, नंतर नव्हते. ‘कावून? कावून सांगतलं?’ आणि पुन्हा हवा चिरली गेली. मधेच लांबून गयाबाईचा गलका जवळ आला, ‘झन मार दीदी! नोनी ला झन मार!’, पोरीला मारू नको म्हणत, काहीतरी भांडं पडलं, गयाबाईलाही एक बसली असणार कारण ती ‘दई ओ’ म्हणून किंचाळली. हे तर उत्कर्षाला आठवतच नव्हतं. आपण गयाबाईला मारलं? गयाबाई दुसऱ्या दिवशी आली होती, भांडी घासली होती, एक शब्द बोलली नव्हती. आणि मग भागूचं ते ‘हाव’. आणि मग ती थंड बाई म्हणाली, ‘पहिलेच म्हटलं असतं तर?’ फाईल तिथं संपली.

आणि हे रूपेशनं ऐकलं होतं. कानात इयरफोनची ती दोरी घालून, प्लांटच्या कँटीनमध्ये बसून, समोश्याबरोबर. भागू निर्दोष आहे हे भागूखेरीज जगात एकट्या त्याला माहीत होतं. त्या संध्याकाळी तो घरी आला, पोरीच्या पोटऱ्यांवरचे वळ पाहिले, तिला मांडीवर घेऊन तेल लावलं आणि उत्कर्षाकडे बघून म्हणाला, ‘अरे, असं मारते का कोणी लेकराले?’ आणि त्या वेळी तिला त्याच्यासमोर लाज वाटली होती. लाज! तिच्या डोळ्यांपुढं लाल झालं. ती स्वयंपाकघरात गेली, खलातला लोखंडी बत्ता उचलून आली. त्याचं डोकं समोर नव्हतं, लॅपटॉप होता. बत्ता तिनं डोक्यावर नेला. एका घावात काच, दुसऱ्यात ते भोक, तिसऱ्यात कप बशीत ठेवणारी ती बोटं, कवटी, तिरपी केलेली मान. सगळं ती त्या एका क्षणात फोडून मोकळी झाली. हात मात्र वरच राहिला. फोडलं तर त्याच्याविरुद्धचा पुरावा जाईल. ठेवलं तर त्याच पुराव्यात ती थंड बाईपण बोलेल, पोलिसांपुढं, आईपुढं, ज्याला ऐकायचं त्याच्यापुढं.

‘काबर रोवत हस, दीदी?’ का रडतेस म्हणून विचारत गयाबाई दारात उभी होती, ओले हात पदराला पुशीत, आणि उंबऱ्याच्या अलीकडं यायला तयार नव्हती. तिची नजर बत्त्यावर होती. उत्कर्षानं बत्ता खाली ठेवला. ‘गयाबाई, उस दिन आपको लगा था क्या? मेरे हाथ से?’ गयाबाई म्हणाली, ‘ले, होगे.’ आणि जाऊन कढई घासायला बसली. झालं ते झालं, एवढ्यात तिनं मिटवून टाकलं. उत्कर्षा खुर्चीत बसली. आधी बाप, मग लेकरू, अशा क्रमानं तिनं दोन्ही संपवली, सुरू करणारी ओळ काढून टाकली, आणि पाठवलेल्या फायलींच्या फोल्डरावर तिचं बोट येऊन थांबलं. ती एक फाईल पुसली असती तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. तिनं पुसली नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. तिला त्या फाईलला हात लावायची किळस आली. पंखा फिरायचा थांबला होता. तिनं लॅपटॉप मिटून भागूच्या फ्रॉकांत गुंडाळला आणि बॅगेत टाकला.

पुढचं सगळं भराभर झालं. व्हॅन आली, भागू उतरली, ऑटो उभीच होती. ‘कहाँ जा रहे मम्मी?’ ‘आजीकडं.’ ‘पप्पा?’ ‘पप्पा नाही.’ भागूनं आणखी काही विचारलं नाही. हल्ली ती दुसरा प्रश्न विचारत नसे आणि उत्कर्षाला ते शहाणपण वाटायचं. सुपेल्याच्या चौकात सिग्नलला एक स्कूटर शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा उत्कर्षानं पोरीचं डोकं आपल्या कुशीत दाबलं, नको इतकं जोरात. तो दुसराच कोणी होता. दुर्गला गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तशी तिला वाटलं, आता कोणीतरी डब्यात चढेल, चहाचा कप बशीत ठेवेल आणि तिचं सकाळचं वाक्य म्हणून दाखवेल. कोणी चढलं नाही. शिवनाथचा पूल खडखडत मागं गेला आणि मगच फोन वाजला. रूपेश. तिनं तो पूर्ण वाजू दिला आणि बंद करून टाकला. सुटलो, तिनं मनात म्हटलं. सुटलो ग माय.

आता एकच राहिलं होतं, आणि ते राजनांदगाव यायच्या आत बोलून टाकायचं तिनं ठरवलं. भागू खिडकीच्या गजांना नाक लावून बसली होती. ‘भागू, इकडं पाह. तू पप्पाले काहीच नव्हतं सांगतलं. मले समजलं आज. ते मशीन होती, तिच्यातून ऐकत होता तो. तुही काही गलती नव्हती.’ भागूनं वळून आधी तिच्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. ‘मीच सांगतलं होतं,’ ती म्हणाली. ‘नाही ग राजा. मशीन होती.’ ‘नाही, मीच. सॉरी मम्मी. अब नहीं बताऊँगी.’ तिचा आवाज चढायला लागला, समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली. ‘अग पण तू नव्हतं सांगतलं!’ उत्कर्षा म्हणाली, आणि तिचाही आवाज चढला, तो थंड नव्हता पण चढला. ‘मंग हाव कावून म्हटलं तू?’ भागू तिच्याकडं बघतच राहिली. एवढी साधी गोष्ट मम्मीला माहीत नाही, याचं तिला नवल वाटलं असावं. ‘हाव म्हटलं का तू थांबते ना,’ ती म्हणाली.

गाडीनं वेग घेतला होता. वाऱ्यानं भागूचे केस तोंडावर येत होते. ते केस मागं करावेत म्हणून उत्कर्षानं हात उचलला. भागूनं डोळे गच्च मिटून घेतले.

‘हाव,’ ती म्हणाली.